अक्काची प्रॉक्सी

सोलापुरात चार दिवस बघण्यासारखं काय आहे, असं बाहेरचे लोक विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं, हसायचं असतं. पण माझ्या थोरल्या बहिणीनं, मुक्ताअक्कानं, फोनवर हाच प्रश्न विचारला तेव्हा ती हसत नव्हती. म्हणून मला उत्तर द्यावं लागलं.

अक्का इंदोरची. म्हणजे मूळची आमच्या शुक्रवार पेठेतलीच, पण मी आठ वर्षांचा असताना लग्न होऊन गेली आणि नंतर लग्नं, बारशी, दहावे एवढ्यापुरतीच आली. असल्या खेपांत माणूस गाव बघत नाही, वाढप्याकडं बघतो. दोन वर्षांमागं भाऊजी वारले. लेक पूनम टोरांटोला. तिनं आईसाठी कोईमतूरला ज्येष्ठांचं एक संकुल बघून ठेवलं होतं. तिथं हिरवळ होती, योगवर्ग होते, चोवीस तास डॉक्टर होता आणि मराठी बोलणारं एकही माणूस नव्हतं. माझं आणि माझ्या बायकोचं, रेश्माचं, म्हणणं असं की अक्कानं आमच्याकडं यावं. पुढची खोली रिकामीच असते.

"चार दिवस येते," अक्का म्हणाली. "जीव न दमवता गाव बघते. मन रमलं तर राहते. नाही रमलं तर पूनम म्हणते तिथं जाते. मग मात्र तू आग्रह करायचा नाहीस."

म्हणजे चार दिवसांत सोलापूरनं पास व्हायचं होतं. गावाला याची काहीच कल्पना नव्हती. सगळा भार माझ्यावर.

मी कार्यक्रम आखला. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी एक ठिकाण. गिरण्या बंद पडल्यापासून दुपारची झोप हाच आमच्या गावाचा मुख्य उद्योग आहे, त्यामुळे तो भाग लगेच बसला. बाकीच्यात अडचण अक्काच्या गुडघ्यांची. किल्ल्यात बाकडं सावलीत आहे की उन्हात, तळ्याच्या कुठल्या बाजूला पायऱ्या कमी आहेत, हे घरी बसून कळत नाही.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. ते पोटासाठी. एरवी गेली वीस वर्षं मी हौशी नाटकं बसवतो. राज्य स्पर्धेत दोनदा उत्तेजनार्थ मिळालेलं आहे, म्हणजे लोकांनी शेवटपर्यंत बसून पाहिलेलं आहे. एवढ्या अनुभवातून मी एकच गोष्ट शिकलो. तालमीशिवाय काहीही करू नये.

"पावणी यायच्या आधी पाहुणचाराची तालीम?" रेश्मा म्हणाली. ती मोहोळची, तिच्या माहेरी पाहुणा आला की कोंबडी पळते, एवढीच तालीम. "तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"आणि प्रॉक्सी लागेल," मी म्हणालो.

प्रॉक्सी म्हणजे मूळ नटी आली नसेल तर तालमीपुरती तिच्या जागी उभी राहणारी व्यक्ती. हे आवश्यक असतं. रिकाम्या खुर्चीकडं बघून संवाद पाठ केले की नट प्रयोगातही खुर्चीकडंच बघतो.

शेजारच्या कमलम्मा अक्काच्याच वयाच्या. गुडघेही अक्काइतकेच गेलेले. अक्कलकोटच्या खालच्या अंगाच्या, कानडी-मराठी दोन्ही एकाच वाक्यात वापरणाऱ्या. नवरा शिवलिंगप्पा सुताच्या धंद्यात होता, तो गेला. मुलगा शरणबसव बेंगळुरूला असतो. वीस वर्षं आमची त्यांची भिंत एक आहे. अक्काला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"मला न्हाय बा नाटक यायचं, इंजिनिअरसाहेब."

"नाटक नाही. नुसतं फिरायचं. तुम्हाला कुठं दम लागतो तेवढं मी बघणार."

"आन् बोलायचं काय?"

"अक्का बोलेल तसं."

"आता तुमच्या अक्का कशा बोलत्यात ते मला काय ठावं?"

मग मी जे केलं ते आमच्या नाट्यसंस्थेत सगळ्यांकडून करून घेतो. कमलम्मांना खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही कमलम्मा नाही. तुम्ही मुक्ता. तुम्ही इंदोरहून आलाय. राहायचं की जायचं ते तुम्हाला ठरवायचंय." बहुतेक नट यात झोपतात. कमलम्मा झोपल्या नाहीत. पापण्यांखाली बुबुळं फिरत राहिली, जरा जास्तच वेळ. रेश्मानं चहा आणला तरी डोळे उघडेनात.

मग उघडले. "बरं," त्या म्हणाल्या. "चला."

सकाळी भुईकोट किल्ला. रिक्षातून उतरताउतरताच कमलम्मांनी पहिला संवाद टाकला. "इंदोरला असलं काय बी न्हाय बा!"

"अजून आपण आत गेलो नाही."

"मग आत गेल्यावर म्हंते."

किल्ला छान झाला. बाकडं सावलीत होतं. स्वच्छतागृह किती लांब ते मी चालून पाहिलं. बुरुजाआड बसलेल्या जोडप्यांकडं बघून कमलम्मांनी मोठ्यानं विचारलं, "ह्यांच्या आयांना ठावं हाय का?" जोडपी उठून गेली. हा संवाद अक्काचा नव्हता, पण ठेवायला हरकत नव्हती. रेश्माला हसू आवरेना. एकंदरीत सोलापूर पास होईल असं दिसत होतं.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलाव. दर्शन झालं, उन्हं कलली, वारा सुटला. काठच्या पायरीवर कमलम्मा टेकल्या. मी खाऱ्या दाण्यांची पुडी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि तळ्याकडं बघत एकेक दाणा खायला सुरुवात केली. आम्हाला विचारलं नाही. ही बाई एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसालाही अर्धी भाकरी मोडून देणारी. पुडी संपली. कागदाची बारीक घडी करून त्यांनी ती बोटांत धरली.

"लग्न ठरलं त्या दिवशी मी अशीच बसले होते इथं," त्या म्हणाल्या. "सगळे दाणे एकटीनं खाल्ले. तू रडत होतास. मला ठाऊक होतं, दाण्यांसाठी नव्हे. म्हणून तर दिले नाहीत."

"आईगं! लई भारी, कमलम्मा!" रेश्मानं टाळी वाजवली. "ह्यांनी शिकवलं व्हय?"

मी शिकवलं नव्हतं. ही गोष्ट मी कधी कुणालाच सांगितलेली नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. एक बहीण, एक भाऊ, एक पुडी.

आणि कमलम्मा मला 'तू' म्हणाल्या होत्या.

मी तर्क लढवला. अक्कानं कधीतरी रेश्माला सांगितलं असणार, रेश्मा विसरली असणार, पण विसरण्याआधी कमलम्मांना सांगून मोकळी झाली असणार. खात्यात याहून कच्च्या तर्कावर कालवे काढलेले आहेत.

परत आल्यावर कमलम्मा आमच्या पायऱ्या ओलांडून आपल्या दाराकडं गेल्या नाहीत. आमच्याच घरात शिरल्या, चपला भिंतीकडेला जोडून ठेवल्या आणि पुढच्या खोलीत, अक्कासाठी नवी चादर घातलेल्या कॉटवर आडव्या झाल्या.

"झोपू द्या," रेश्मा म्हणाली. "दमल्यात."

तेवढ्यात अक्काचा फोन आला.

"इंदू," ती म्हणाली. इंद्रजीतचं इंदू करणारी जगात ती एकटीच. बाकी सगळ्यांना मी चौथीतच बंदी घातली होती. "अरे, आज काही म्हणजे काही केलं नाही मी, नुसती बॅग भरली. तरी पायांचे तुकडे पडलेत बघ. आणि तोंडाला सारखी दाण्यांची चव येतेय."

"पित्त असेल."

"असेल," अक्का म्हणाली. "पण खारे."

दुसऱ्या दिवशी इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची जुनी देखणी इमारत, बाहेरून पाहायचं आणि नव्या पेठेत चादरी बघायच्या, असा कार्यक्रम होता. कमलम्मांनी तो माझ्याआधी ओळखला. इंद्रभुवनासमोर उभं राहून त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "बाबा आपल्याला इथं आणायचे आणि खिडक्या मोजायला लावायचे. स्वतः जाऊन चहा पिऊन यायचे." खरं होतं. चादरीच्या दुकानात त्यांनी पूनमसाठी मोराची निळी चादर काढली, मग ठेवून दिली. "तिच्याकडची थंडीच वेगळी. चादरीनं काय होणार?"

कानडी शब्द सकाळपासून एकही आला नव्हता.

दुपारी जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. चटणी कमलम्मांच्याच हातची. दर महिन्याला त्या आम्हाला बरणी भरून देतात. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"बाप रे, काय तिखट हे! इंदोरला राहून सवय गेली गं. रेश्मा, थोडी साखर दे."

रेश्मानं साखर दिली. हसली नाही.

मग त्यांचाच फोन वाजला. पडद्यावर शरणबसवचा फोटो, नव्या गाडीला टेकून काढलेला. कमलम्मांनी फोन लांब धरून पाहिला.

"गोड आहे मुलगा," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "कुणाचा रे?"

फोन वाजत राहिला. मी उचलला नाही. उचलून काय सांगायचं ते बसवलेलं नव्हतं.

"कमलम्मा," मी दिग्दर्शकाच्या आवाजात म्हणालो, "थांबूया. तालीम संपली. फार छान केलंत." या आवाजासरशी माणसं भूमिकेतून बाहेर येतात आणि चहा मागतात. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत नाटक नव्हतं. नाटक मला ओळखू येतं, विशेषतः वाईट.

"कमलम्मा कोण रे, इंदू?" त्यांनी विचारलं.

इंदू हे नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात रेश्मानं माझं मनगट धरलं. तिचा हात पिठाचा होता आणि गार होता.

"त्यास्नी परत कमलम्मा करा."

"कसं?"

"जसं अक्का केलं तसं. मला काय इचारताय? दिग्दर्शक तुमी!"

मी प्रयत्न केला. खुर्ची आणली, डोळे मिटायला लावले. "तुम्ही मुक्ता नाही," मी म्हणालो. "तुम्ही कमलम्मा. शिवलिंगप्पांच्या पत्नी. शरणबसवची आई. तुमचं घर शेजारी आहे." बोलता बोलता मला वाटलं, हे मी भलत्याच माणसाला सांगतोय, ऐकणारं इथं नाही. त्यांचा श्वास संथ झाला. मान एका बाजूला कलली.

झोपल्या होत्या.

संध्याकाळी अक्काचा गाडीतून फोन आला. मागं चहावाल्याचा आवाज, मुलांची रडारड, सगळं व्यवस्थित. मला फार बरं वाटलं. अक्का गाडीत होती. सकाळी ती इथं असणार होती. मूळ नटी आली की प्रॉक्सी आपोआप बाजूला होते, इतकं साधं आहे ते.

"जेवलीस का?"

"जेवले. इंदू, एक विचारू? माझ्या तुळशीला कुणी पाणी घातलं का रे आज?"

"तुझ्या फ्लॅटमध्ये तुळस आहे?"

गाडीचा खडखड आवाज येत राहिला.

"नाही," अक्का म्हणाली. "नाहीच की. मग मी कुणाची म्हणतेय?"

आमच्या खिडकीतून कमलम्मांच्या दारातली तुळस दिसते. दोन दिवसांत मान टाकली होती तिनं. रेश्मानं जाऊन तांब्याभर पाणी घातलं.

सकाळी स्टेशनवर मी एकटाच गेलो. 'तिला' एकटं सोडून येत नाही, असं रेश्मा म्हणाली. 'तिला' म्हणजे कुणाला, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं.

गाडी वेळेवर आली. अक्का डब्याच्या दारात उभी होती. तिचा नेहमीचा चष्मा, नेहमीची मरून साडी, कपाळावर वडिलांसारखी आठी. मला एकदम हसू फुटलं. मी बॅग घ्यायला हात पुढं केला.

"अय्यो," अक्का म्हणाली. "तुमी कशाला तरास घेतलाव बा, इंजिनिअरसाहेब? रिक्षा केली असती की मी."

आवाज अक्काचा होता.

"अक्का?"

तिनं मागं वळून पाहिलं, मी कुणाला हाक मारली ते बघायला.

रिक्षावाल्याशी ती कानडीत भांडली. अक्काला कानडी येत नाही. रिक्षावाल्यालाही येत नव्हती, तरी त्यानं ऐकलं. वाटेत तिनं त्याला एक बोळ दाखवला. त्या बोळातून रस्ता निघाला त्याला दहाच वर्षं झाली असतील.

आमच्या दाराशी रिक्षा थांबली.

ती उतरली. आमच्या पायऱ्यांकडं तिनं पाहिलंही नाही. बॅग घेऊन शेजारच्या दारापाशी गेली, कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं.

मग तुळशीच्या मातीत बोट घालून पाहिलं.

"वल्ली हाय," ती म्हणाली. समाधान वाटलं असावं तिला. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बाहेर उभा होतो. आमच्या घरातून आवाज येत होते. मी आत गेलो.

पूनमचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. समोर कमलम्मा बसल्या होत्या, रेश्माचा गाऊन घालून. अक्का घरात नेहमी गाऊनच घालते.

"ठरलं गं माझं," त्या म्हणत होत्या. "मी इथंच राहते. दोन दिवसांत मामानं काय सुंदर फिरवलं मला! उद्या कंबर तलावावर जाणार आम्ही, पक्षी बघायला."

पडद्यावर पूनमचा चेहरा पुढं आला. तिनं नीट निरखून पाहिलं.

"आई, खरंच," ती म्हणाली. "किती वर्षांनी अशी दिसलीस. बरं झालं बाई. मी कोईमतूरला नाही म्हणून कळवते."

मी तोंड उघडलं. फोनच्या मागं उभ्या रेश्मानं मान हलवली. नको.

नंतर चहाचं भांडं विसळताना ती पाठमोरीच म्हणाली, "अक्का राह्यली पायजे, असंच म्हणत हुता न्हवं तुमी?"

"हो, पण..."

"मग राह्यली की."

दुपारी दार वाजलं.

बाहेर माझी बहीण उभी होती. हातात झाकलेली ताटली.

"शेंगापोळी केलती," ती म्हणाली. "पावण्या आल्यात म्हणं तुमच्याकडं."

"हो," मी म्हणालो. "अक्का."

"ऱ्हाणार हाईत का?"

"राहणार."

"बरं झालं बा. मलाबी सोबत."

रेश्मानं ताटली घेतली. तरी ती गेली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून तिनं पदरानं डोळे पुसले. ते पुन्हा भरले.

"काय झालं, कमलम्मा?" रेश्मानं विचारलं. अडखळली नाही.

"काय की. तुमच्या दारात आलं की पाणीच यायलंय डोळ्यातनं. कशानं ते कळंना." ती माझ्याकडं बघून हसली, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी. "वाईच आत येऊ का?"

पुढच्या खोलीतून आवाज आला. "कोण आहे रे, इंदू?"

मी दारात उभा होतो. दोघी वाट बघत होत्या.

"कुणी नाही, अक्का," मी म्हणालो. "शेजारच्या आहेत."